रिकामी खुर्ची, हत्ती आणि हगणारा कुत्रा : रेम्ब्रांटच्या बायबल-चित्रांतली प्रतीकं

काजळरेघ

लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. येशूला क्रूसावर देऊन तिसरा दिवस. दोन शिष्य अम्माऊस नावाच्या गावाला निघालेत, तोंडं उतरलेली. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो. दिवस कलतो तसे ते त्याला म्हणतात, आता कुठे जाता, जेवायलाच थांबा. तो बसतो, भाकर मोडतो, आणि मोडताक्षणी दोघांना कळतं हा कोण ते. कळेपर्यंत तो दिसेनासा झालेला असतो.

चित्रकार बहुतेक भाकर मोडायचा क्षण धरतात. पण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावावर असलेलं एक छोटं रेखाटन आहे, तपकिरी शाईतलं, त्यात त्याच्या पुढचा क्षण आहे. टेबल, दोन हबकलेली माणसं आणि एक रिकामी खुर्ची. खुर्चीत माणूस नाही, उजेडाचा भडका आहे. हीच कल्पना असलेलं रेम्ब्रांटचं रेखाटन हौब्राकन या डच चरित्रकाराने १७१८ साली एचिंग करून आपल्या ग्रंथात छापलं होतं, म्हणजे तेव्हाही लोकांना त्यात काहीतरी वेगळं वाटलं असणार.

मी यावर आठवडाभर अडकले आहे. लिली म्हणजे पावित्र्य, कवटी म्हणजे मरण, कुत्रा म्हणजे निष्ठा, अशी कोष्टकं नेटवर पैशाला पासरी मिळतात. बरोक काळातली (ढोबळमानाने सतरावं शतक) बायबलची चित्रं अशाच कोष्टकाने सोडवायची असतात असं मलाही वाटायचं. या खुर्चीला कोष्टकात जागाच नाही, आणि तरी त्या पानावर तीच सगळ्यात मोठं प्रतीक आहे. माझं म्हणणं असं की रेम्ब्रांट प्रतीकं टाकून देत नाही, तो ती वस्तूंमधून काढून हातांत, सावलीत आणि कोऱ्या कागदात मुरवतो. पटतंय का? नसेल तर भांडा.

पहिलटकर

छान लिहिलंय ताई. एक बाळबोध शंका. रेखाटन आणि एचिंग एकच का?

काजळरेघ

नाही. रेखाटन म्हणजे थेट कागदावर, एकच प्रत. एचिंगला तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने ओरखडत चित्र काढतात, मग पत्रा आम्लात. ओरखडलेल्या जागी तांबं खाल्लं जातं, त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा. चित्र उलटं उमटतं. पण सुई हातात पेन्सिलीसारखीच फिरते, म्हणून या धाग्यात दोन्ही चालवून घेऊ या. तैलचित्रांना शक्यतो लांब ठेवू.

उलटतपासणी

भांडतो. "प्रतीक कोऱ्या कागदात मुरवतो" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खोटं कसं ठरवायचं? कोरा कागद कुठल्याही चित्रात असतो. उद्या माझ्या भाचीच्या एलिमेंटरीच्या पेपरातली मोकळी जागा दाखवून तुम्ही म्हणाल हा मोक्ष.

गंपूशेठ

एलिमेंटरीत मोकळी जागा म्हणजे ब ग्रेड. अनुभवाचे बोल.

बोरूबहाद्दर

उलटतपासणी यांचा मुद्दा रास्त आहे. त्याला उत्तर चित्र काढायच्या साहित्यातून मिळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे थोडक्यात बोलता येत नाही.)

रेम्ब्रांटची आयुधं तीन. पिसाची लेखणी, कुंचला, आणि पन्नाशीकडे झुकल्यावर जास्त करून बोरू. होय, आपला बोरूच, मोडी लिहायचा. पीस सर्र जातं, बारीक-जाड होतं. बोरूत शाई फार वेळ टिकत नाही. रेघ सुरू होते दाट आणि संपता संपता कोरडी, फाटकी होते. ती फाटकी रेघ तो मुद्दाम वापरतो. म्हाताऱ्याची पाठ एका कोरड्या फटकाऱ्यात.

शाई दोन प्रकारची. एक मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. लावताना फिकी दिसते, हवा लागली की काळी होते आणि शतकं गेली की तपकिरी पडते. दुसरी लाकडाच्या काजळीची, ती मुळातच तपकिरी. दोन्हींत पांढरा रंग नाही! उजेड हवा असेल तर कागद सोडावा लागतो, आणि कुठे सोडायचा हे आधी ठरवावं लागतं. तैलचित्रात शेवटी पांढऱ्याचा ठिपका देऊन उजेड आणता येतो. इथे हुकलं की पांढरा थर देऊन झाकाझाकी करावी लागते, ती रेम्ब्रांटने काही रेखाटनांत केलेलीही आहे. म्हणजे कोरी जागा हा अपघात नाही, पहिला निर्णय आहे. तुमच्या भाचीची मोकळी जागा वेळ संपल्यामुळे राहिली असेल, तर तो मोक्ष नाही.

उलटतपासणी

सर, इतपत मान्य. "निर्णय आहे" हे सिद्ध झालं. "प्रतीक आहे" हे अजून नाही.

रायतूरकर

ह्या वादाला एक जुनी बाजू आहे, ती सांगतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवलं की पवित्र चित्रं असू देत, पण त्यांनी शिकवावं, घोळ घालू नये. त्यानंतर कॅथलिक जगात चित्र हे जवळजवळ पाठ्यपुस्तक झालं. जेझुइट पाद्री नादाल याचा शुभवर्तमानातल्या प्रसंगांचा चित्रसंग्रह १५९३ ला अँटवर्पला छापला. त्यातल्या प्रत्येक चित्रात माणसांवर, झाडांवर, घरांवर चक्क अक्षरं आहेत, आणि खाली त्या अक्षरांची यादी. ह्या अक्षरापाशी देवदूत, त्या अक्षरापाशी गव्हाण. बघायचं, यादी वाचायची, त्यावर ध्यान करायचं. काजळरेघताईंचं कोष्टक ते हेच. आमच्या लहानपणी दोतोर्नेच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात भिंतीवर असायची ती चित्रं त्याचीच पणतवंडं.

रेम्ब्रांट प्रोटेस्टंट हॉलंडचा. तिथल्या चर्चांच्या भिंती पांढऱ्या केलेल्या. त्याची बायबलची रेखाटनं वेदीसाठी नव्हतीच, घरात हातात धरून बघायची. त्यामुळे अक्षरं घालायची गरज नाही, बघणाऱ्याला गोष्ट पाठ आहे. गोष्ट पाठ असलेल्या माणसाला खुर्ची रिकामी दाखवली तरी पुरतं.

काजळरेघ

"गोष्ट पाठ असलेल्या माणसाला", हे मला सुचलं नव्हतं. धन्यवाद.

शनवारतेली

इस्राएलातल्या अश्दोदहून लिहितोय. मूळ अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू, नावावरून ओळखलं असेलच. रिकामी खुर्ची आम्हाला नवी नाही. मुलाची सुंता होते तेव्हा एक खुर्ची एलियाहू हन्नाबीसाठी (एलिया संदेष्ट्यासाठी) मोकळी ठेवतात. तो न दिसता येतो असं मानतात. माझ्या नातवाच्या वेळी एका पाहुण्याने दमून त्या खुर्चीवर बूड टेकवलं, तर आमची आत्या अशी किंचाळली की बाळ रडायचं थांबलं.

रेम्ब्रांट आम्स्टरडॅमच्या ज्यूंच्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षं राहिला, शेजारी बरेच ज्यू. त्याने ही खुर्ची पाहिली होती असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण न दिसणाऱ्याला खुर्ची देण्याची रीत त्याच्या गल्लीत होती, एवढं खरं.

उलटतपासणी

"पुरावा नाही" असं स्वतःहून म्हणणारा माणूस या संस्थळावर पहिल्यांदा पाहिला. आपल्याला आवडलं.

गंपूशेठ

मथळ्यात कुत्रा आहे म्हणून आलो. दीड तास खुर्चीच चाललीय.

काजळरेघ

घ्या कुत्रा. १६३३ चं एचिंग, चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला परक्या जातीच्या शोमरोन्याने उचलून सराईत आणलंय. पायऱ्यांवर तो सराईवाल्याशी बोलतोय, जखमीला घोड्यावरून उतरवतायत, मागे एक बाई विहिरीतून पाणी ओढतेय. आणि अगदी पुढे, आपल्याकडे पाठ करून, एक कुत्रा बसून हगतोय. कोपऱ्यात लपलेला वगैरे नाही, सगळ्यात आधी तोच दिसतो.

कोष्टकवाले म्हणणार कुत्रा म्हणजे निष्ठा. मग ही कसली निष्ठा? मला वाटतं हा रेम्ब्रांटचा टोमणा आहे. दयेचं एवढं मोठं काम चाललंय आणि त्याचा जगाला पत्ताही नाही. बाई पाणी ओढते, कुत्रा आपलं उरकतो.

बोरूबहाद्दर

किंवा पुढची मोकळी जागा भरायला काहीतरी हवं होतं आणि तो सत्तावीस वर्षांचा होता. वर्गात या वयाची पोरं मी हाताळली आहेत.

गंपूशेठ

सर +१. पैसे वसूल.

उलटतपासणी

आता हत्ती. मला हा माहीत आहे आणि तो माझ्या बाजूचा पुरावा आहे. १६३८ चं आदम-हव्वेचं एचिंग. झाडावर साप, पण साप कसला, पंखवाला ड्रॅगनच, तोंडात फळ. खाली दोघं, अजिबात देखणी नाहीत, पोटं सुटलेली. आणि मागे उन्हात, नखाएवढा, एक हत्ती.

पुस्तकं सांगतात : हत्ती हा ड्रॅगनचा जन्मवैरी, हत्ती शुद्ध आणि संयमी, म्हणून पापाच्या समोर पुण्य. ठीक आहे. पण १६३७ साली रेम्ब्रांटने काळ्या खडूने एका हत्तिणीची रेखाटनं केली, त्यातलं एक व्हिएन्नाच्या आल्बर्टिनात आहे. हान्स्केन तिचं नाव. सिलोनहून जहाजाने आणलेली, युरोपभर गावोगाव खेळ करत फिरवली, १६५५ ला फ्लॉरेन्सला मेली. तिचा सांगाडा अजून तिथल्या संग्रहालयात उभा आहे. ज्याने वर्षापूर्वी खराखुरा हत्ती पाहिला, त्याच्या कातड्याच्या घड्या तासन्‌तास रेखाटल्या, तो पुढच्या चित्रात हत्ती घुसवणारच. प्रतीक नंतर पंडितांनी चिकटवलं.

काजळरेघ

दोन्ही का नाही? हत्ती मागे, उजेडात. ड्रॅगन पुढे, गर्द सावलीत. नुसती हौस असती तर हत्ती मोठा काढला असता ना! ज्या माणसाला हत्तीची सुरकुती न् सुरकुती पाठ आहे, तो त्याला नखाएवढा करतो आणि नेमका ड्रॅगनच्या पाठीमागच्या उन्हात ठेवतो. जागा बघा, प्राणी नको.

शनवारतेली

हव्वेपेक्षा मला अब्राहामावर बोलायचं आहे. देवाने त्याला स्वतःच्या मुलाचा, इसहाकाचा बळी द्यायला सांगितलं आणि ऐनवेळी देवदूताने थांबवलं, ते बलिदान रेम्ब्रांटने पुन्हा पुन्हा काढलं. १६३५ च्या मोठ्या चित्रात देवदूत मनगट पकडतो आणि सुरा हवेतच सुटतो, नाटकातल्यासारखा. वीस वर्षांनी, १६५५ च्या एचिंगमध्ये, देवदूत पाठीमागून येऊन अब्राहामाला दोन्ही हातांनी कवटाळतो. सुरा अजून हातात आहे. आणि बापाचा दुसरा हात मुलाच्या डोळ्यांवर.

बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात हे नाही. तिथे बांधलं असं आहे, डोळे झाकले असं कुठेही नाही. तो हात रेम्ब्रांटचा. मारणाऱ्या माणसाने मुलाला सुरा दिसू नये म्हणून काळजी घ्यावी... मी दोन मुलांचा बाप आहे, जास्त लिहीत नाही.

रायतूरकर

ख्रिस्ती वाचनात ह्याचं प्रतीक ठरलेलं : इसहाक स्वतःच्या होमाची लाकडं वाहतो तसा येशू स्वतःचा क्रूस वाहतो. जुन्या करारातली गोष्ट म्हणजे नव्याची आधी पडलेली सावली. रेम्ब्रांटलाही ते माहीत होतंच. १६४५ च्या एचिंगमध्ये बाप-लेक डोंगरावर उभे राहून बोलतायत, पोराकडे मोळी आहे, बापाचं बोट वर. पण तुम्ही म्हणता तो हात ह्या चौकटीत बसत नाही, हे खरंय. क्रूसाच्या गोष्टीत डोळे कोणी झाकले नाहीत.

काजळरेघ

शनवारतेली, आता तुम्ही आलाच आहात तर ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. आपल्याकडून तिकडे गेलेली एक गोष्ट आहे.

१६५६ ला रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, त्यात चित्रांच्या वह्यांच्या नोंदीत चमत्कारिक बारीक चित्रांची एक वही आहे. ती मुघल लघुचित्रं असावीत असं मानतात. डच कंपनीची सुरतेला वखार होती, या मालाला वाट होती. रेम्ब्रांटने त्या सुमारास मुघल चित्रांवरून केलेली वीस-पंचवीस रेखाटनं आज वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. जहांगीर आहे, शाहजहान आहे. बाकीच्या कामात फटकारे मारणारा हा माणूस इथे शिकाऊ मुलासारखा जपून रेघ ओढतो, तीही आशियातून आलेल्या महागड्या कागदावर.

त्यातलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे : झाडाखाली चार दाढीवाले वृद्ध गालिच्यावर बसलेत, पेले, पुस्तकं. ज्या मुघल चित्राशी ते जुळतं ते व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात आहे. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेसाच्या काळात अशी चित्रं कापून, जोडून एका दालनाच्या भिंतींवर चौकटींत बसवली गेली. (कापून! वाचताना पोटात गोळा येतो.)

आणि त्याच १६५६ चं एचिंग : अब्राहामाकडे तीन पाहुणे. उत्पत्तीचा अठरावा अध्याय, मम्रेची झाडं, भर दुपार. युरोपात हा प्रसंग सहसा टेबलाभोवती रंगवतात. इथे पाहुणे जमिनीवर मांडी घालून बसलेत, मधे ताटवाटी, आणि यजमान खाली, कोपऱ्यात, सुरई धरून वाकलेला. मांडणी त्या चार वृद्धांचीच. रेम्ब्रांटला कळलं की अब्राहाम कसा बसत असेल ते हॉलंडच्या खुर्च्यांपेक्षा मुघल गालिच्याला जास्त ठाऊक आहे.

पहिलटकर

बाप रे. म्हणजे पंगत!

रायतूरकर

उलट्या दिशेचाही प्रवास झालाय. १५८० ला गोव्याहून रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि सोबतचे पाद्री अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेले, तेव्हा अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल नजराणा म्हणून घेऊन गेले. त्यातली आणि मागून आलेली छापील चित्रं मुघल चितारी बारकाईने नकलत होते. मरिया, देवदूत, सगळं. म्हणजे अँटवर्पची चित्रं गोव्यामार्गे मुघलांकडे, आणि मुघलांची सुरतेमार्गे आम्स्टरडॅमला.

अवांतर : १६१६ साली, रेम्ब्रांट लायडनमध्ये दहा वर्षांचा पोर असताना, गोव्यात आमच्या रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्या, रोमी लिपी. तिथे स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. एकाने स्वर्गाला वैकुंठ केलं, दुसऱ्याने देवाला गालिच्यावर बसवलं.

शनवारतेली

त्या एचिंगवर एक ज्यू टीप. तीन पाहुणे म्हणजे ख्रिस्ती लोकांना त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) दिसतं. आमच्या तल्मूद या धर्मग्रंथात ते देवदूत मिखाएल, गब्रिएल आणि रफाएल, प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं. रेम्ब्रांटने तिसराच मार्ग धरला : दोघांना पंख, आणि मुख्य पाहुणा लांब दाढीचा म्हातारा, स्वतः परमेश्वर, हातात पेला. दारामागे सारा ऐकतेय. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती हसते, म्हणून मुलाचं नाव इसहाक. हिब्रूत यित्सहाक, म्हणजे हसेल तो.

उलटतपासणी

हा मुघल भाग मला माहीत नव्हता. काढला मुद्दा मागे. हत्तीचा नाही, फक्त हा.

बोरूबहाद्दर

मग जाता जाता हातांचं आणखी एक उदाहरण. "शंभर गिल्डरचं एचिंग", साधारण १६४८. एवढी किंमत आली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मत्तयचा एकोणिसावा अध्याय सबंध एका पत्र्यावर : आजारी, लेकुरवाळ्या बाया, वाद घालणारे परूशी (कर्मठ ज्यू पंथाचे लोक), डोकं धरून बसलेला श्रीमंत तरुण. उजवीकडे वेशीत उंट उभा आहे, तो त्याच अध्यायातल्या वचनाचा : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. हे झालं तुमचं कोष्टक.

पण मधे बघा. येशूपुढे गुडघे टेकलेल्या म्हातारीने हात जोडलेत आणि त्या जोडलेल्या हातांची सावली त्याच्या झग्यावर पडली आहे. येशूच्या डोक्याभोवती तर प्रकाश आहे. म्हणजे जो स्वतः उजेड देतो त्याच्यावर एका आजारी बाईची सावली पडते. ती त्याला हातही लावत नाही, पण सावली पोचलेली आहे.

पोरांकडून स्मरणचित्र करून घेताना मी हेच सांगायचो, माणूस विसरलात तरी चालेल, त्याची सावली कुठे पडली ते आठवा. कोणी ऐकलं नाही.

उलटतपासणी

सर, ही सावली मी आज बारा वर्षांनी पाहिली. माझ्याकडे त्या एचिंगचं पोस्टर आहे. जेवणाच्या टेबलासमोर.

पहिलटकर

आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम त्यांच्याकडची चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून देतं, तिथून १६५६ चं एचिंग घेतलं आणि वाढवून वाढवून बघितलं. मागे भिंतीशी एक मुलगा पाठमोरा दिसतोय. सगळे पाहुण्यांकडे बघतायत, हा बाहेर वाकून काहीतरी ताणतोय. कोण हा?

शनवारतेली

इश्माएल. अब्राहामाचा दासी हागारेपासून झालेला थोरला मुलगा. हातात धनुष्य आहे. आतल्या पंगतीत धाकट्याच्या जन्माची बातमी चाललीय, म्हणजे याला घराबाहेर काढलं जाण्याची. पुढे एकविसाव्या अध्यायात तो रानात राहून तिरंदाज झाला असं येतं. रेम्ब्रांटने धनुष्य आधीच देऊन ठेवलंय.

पहिलटकर

नेम कशावर धरलाय?

शनवारतेली

भिंतीपलीकडे आहे. दिसत नाही.